‘हिरोज ३’ पुन्हा लावताना: पहिल्या सात दिवसांचा हिशेब

फार वर्षांपूर्वी मी ‘हिरोज ३’ हा संगणकावरचा खेळ चुकीच्या पद्धतीने खेळायचो, आणि तेही मोठ्या ऐटीत. शहराचं दार लावून आत सैन्य साठवायचो. दर आठवड्याला नवे भालाईत, नवे तिरंदाज. तिसऱ्या महिन्यात फौज पुरेशी झाली की बाहेर पडायचं, असा बेत असायचा. तोवर निळ्या झेंड्याचा, म्हणजे संगणकाच्या बाजूचा, कुणी हिरो (फौज घेऊन नकाशावर फिरणारा सरदार) माझ्या दुप्पट फौज घेऊन दाराशी उभा असायचा, आणि संगणक लबाडी करतो म्हणून मी चडफडायचो. अलीकडे तोच खेळ पुन्हा लावला तेव्हा लक्षात आलं की घोळ माझ्याच बाजूचा होता. मी सोनं मोजत होतो, दिवस मोजत नव्हतो.

‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ हा न्यू वर्ल्ड कम्प्युटिंगने बनवलेला आणि थ्रीडीओ कंपनीने १९९९ साली बाजारात आणलेला खेळ. पाळीपाळीने खेळायचा. एक पाळी म्हणजे एक दिवस, सात दिवसांचा आठवडा, चार आठवड्यांचा महिना. शहरात दिवसाला एकच इमारत बांधता येते. हिरोला दिवसाला ठरावीकच चालता येतं. नवं सैन्य आठवड्याच्या पहिल्या दिवशी जन्माला येतं. या तीन नियमांवर सगळा डोलारा उभा आहे. पुढे जे सांगतो आहे ते या तीन नियमांचं काय करायचं एवढंच.

आधी योग्य प्रत

इथे पुष्कळ जण फसतात, म्हणून सावकाश सांगतो. तुम्हाला हवी ती ‘कम्प्लीट’ नावाची आवृत्ती. तिच्यात मूळ खेळ आणि त्याचे दोन विस्तार आहेत: ‘आर्मगेडन्स ब्लेड’ (१९९९) आणि ‘द शॅडो ऑफ डेथ’ (२०००). जीओजी या ऑनलाइन दुकानात ती मिळते आणि आजच्या विंडोजवर चालते.

२०१५ मध्ये युबीसॉफ्टने ‘एचडी एडिशन’ आणली. चित्रं देखणी आहेत, पण तिच्यात दोन्ही विस्तार नाहीत, कारण त्यांचा सोर्स कोड हाती लागला नाही. नकाशा आपोआप तयार करून देणारी सोयही त्यामुळे गेली. ती घेऊ नका. चाहत्यांनी बनवलेला फुकट ‘एचडी मॉड’ ही मात्र निराळी वस्तू आहे. तो ‘कम्प्लीट’वर बसवायचा, म्हणजे खेळ आजच्या मोठ्या स्क्रीनवर नीट दिसतो. नावं इतकी सारखी आहेत की दर वेळी कुणीतरी एकाऐवजी दुसरं घेऊन बसतं.

‘हॉर्न ऑफ द अ‍ॅबिस’ हा चाहत्यांचाच मोठा विस्तार. त्यात कोव्ह, फॅक्टरी अशी नवी शहरं आहेत आणि तो उत्तम आहे, पण मूळ खेळ अंगवळणी पडल्यावर घ्या. फोनवर किंवा लिनक्सवर खेळायचं असेल तर व्हीसीएमआय नावाचं मुक्त इंजिन आहे. त्याला मूळ खेळाच्या फाइली लागतात, म्हणजे प्रत विकत घेणं आलंच.

पहिला नकाशा

राणी कॅथरीनची कथा असलेली मोहीम पुढे कधीतरी खेळा. सुरुवातीला ‘सिंगल सिनॅरिओ’मध्ये जा आणि एस आकाराचा, म्हणजे ३६ बाय ३६ घरांचा, तळघर नसलेला नकाशा निवडा. तासा-दोन तासांत निकाल लागतो आणि चुका आठवणीत असतानाच दुसरा डाव मांडता येतो. नवखा माणूस थेट १४४ बाय १४४ चा नकाशा उघडतो आणि तिसऱ्या संध्याकाळी कंटाळून सोडून देतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

अवघडपणा बुद्धिबळाच्या सोंगट्यांनी दाखवला आहे: प्यादं, घोडा, हत्ती, वजीर, राजा. घोडा घ्या, म्हणजे ‘नॉर्मल’. प्याद्यावर सुरुवातीला ३०,००० सोनं मिळतं, घोड्यावर २०,०००, राजावर शून्य. प्याद्यावर इतका पैसा हातात असतो की हिशेब करायची सवयच लागत नाही.

शहर ‘कॅसल’ घ्या. माणसांचं शहर, सरळ स्वभावाचं: भालाईत, तिरंदाज, ग्रिफिन (गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेला उडता प्राणी), तलवारबाज, साधू, घोडेस्वार आणि शेवटी देवदूत. नेक्रोपोलिस या मृतांच्या शहराचे सांगाडे मोहात पाडतील. लढाई जिंकली की मेलेल्यांतले काही उठून तुमच्याच फौजेत येतात, ही चैनच आहे. पण त्यावर शिकलात तर बाकीच्या शहरांत हात-पाय बांधल्यासारखं वाटेल. इन्फर्नो या सैतानांच्या शहराच्या वाटेला तर सध्या जाऊच नका. हिरो निवडायची मुभा असेल तर व्हलेस्का किंवा ऑरिन. पहिलीचा हात तिरंदाजांवर बसलेला, दुसऱ्याचं नेमबाजीचं कौशल्यच खास. सुरुवातीचा बोनस विचारला तर लाकूड-खनिज घ्या. का ते पुढच्या हिशेबात दिसेल.

आणि एक सवय आत्ताच लावून घ्या. जे दिसेल त्यावर उजवं क्लिक करायचं. १९९९ च्या खेळाने बहुतेक माहिती लपवलेली नाही, ती बोट दाबल्याशिवाय दाखवत नाही इतकंच.

पहिला दिवस

टॅव्हर्नमध्ये, म्हणजे शहरातल्या गुत्त्यात, जा आणि २,५०० सोनं देऊन दुसरा हिरो घ्या. पहिल्याच दिवशी. नवख्याला हा खर्च उधळपट्टी वाटतो. पण हिरो म्हणजे रोजची पायपीट, आणि दोन हिरो म्हणजे दुप्पट पायपीट. शिवाय तो स्वतःसोबत थोडं सैन्य घेऊन येतो. ते सगळं पहिल्या हिरोच्या हवाली करा आणि दुसऱ्याकडे एखादा सैनिक ठेवा. हिरोच्या हाताखाली कुणीच नाही असं चालत नाही.

इथून कामाची वाटणी ठरली. पहिला लढेल. दुसरा मागे राहून वाटेत पडलेली लाकडं, सोन्याच्या राशी, पेट्या वेचेल आणि खाणींवर झेंडा लावेल. पहिल्याला कधीच लाकडं वेचायला लावू नका, तो पुढे गेलाच पाहिजे. लाकडाच्या आणि खनिजाच्या खाणीतून रोज दोन-दोन नग येतात. पारा, गंधक, स्फटिक, रत्नं यांच्या खाणीतून एकेक. सोन्याच्या खाणीतून १,०००. लाकूड आणि खनिज आधी.

पेटी उघडली की खेळ विचारतो: सोनं की अनुभव? दुसऱ्या हिरोने नेहमी सोनं घ्यावं. पहिल्याने सुरुवातीच्या दिवसांत अनुभव घ्यावा, पण दुसऱ्या दिवशीची इमारत पैशांवाचून अडणार असेल तर त्यानेही मुकाट्याने सोनं घ्यावं.

आठवड्याचं बांधकाम

शहरात फोर्ट आणि टॅव्हर्न आधीपासून असतील, बहुतेक नकाशांत असतात, तर मी हा क्रम धरतो.

पहिल्या दिवशी टाउन हॉल, २,५०० सोनं. रोजचं उत्पन्न ५०० वरून १,००० होतं.
दुसऱ्या दिवशी लोहाराचं दुकान: १,००० सोनं, ५ लाकूड.
तिसऱ्या दिवशी बाजार: ५०० सोनं, ५ लाकूड.
चौथ्या दिवशी मेज गिल्ड, म्हणजे मंत्रशाळा: २,००० सोनं, ५ लाकूड, ५ खनिज.
पाचव्या दिवशी सिटी हॉल, ५,००० सोनं. वरच्या चारही इमारती झाल्याशिवाय तो उभा राहत नाही. त्यानंतर रोज २,०००.
सहाव्या दिवशी सिटाडेल, म्हणजे फोर्टची पुढची पायरी: २,५०० सोनं, ५ खनिज.
सातव्या दिवशी कॅसल, त्याच्याही पुढची पायरी: ५,००० सोनं, १० लाकूड, १० खनिज.

(शहराचं नाव कॅसल आणि त्यातल्या इमारतीचंही कॅसल. याला माझा इलाज नाही.)

शेवटच्या दोन इमारती आठवड्याच्या अखेरीस का? सिटाडेलमुळे सैन्याची पैदास दीडपट होते, कॅसलमुळे दुप्पट, आणि पैदास होते आठव्या दिवशी सकाळी. सातव्या दिवशी कॅसल उभा असेल तर १४ ऐवजी २८ भालाईत आणि ९ ऐवजी १८ तिरंदाज येतात. हीच इमारत एक दिवस उशिरा, आठव्या दिवशी बांधलीत तर तिचा लाभ पंधराव्या दिवशी. एका दिवसाची दिरंगाई पूर्ण आठवड्याला पडते.

आता पैशांचं पाहू. २०,००० मधून दुसरा हिरो आणि हे सगळं बांधकाम वजा करा, रोजचं उत्पन्न मिळवा. एकही पेटी न उघडता सातव्या दिवशी ७,००० सोनं शिल्लक राहतं. खनिज लागतं नेमकं २०, आणि ‘नॉर्मल’ला मिळतंही २०. लाकूड मात्र २५ लागतं. म्हणजे पाच लाकडं बाहेरून आणायची आहेत, आणि त्यासाठीच लाकडाच्या खाणीवर लवकर झेंडा हवा. हा क्रम काही दगडावरची रेघ नाही. शेजारीच शत्रू असेल तर मधल्या एखाद्या दिवशी ग्रिफिनचं ठाणं बांधा आणि सिटी हॉल पुढे ढकला. पण काय ढकललं आणि त्याची किंमत किती, हे ठाऊक असू द्या.

कॅपिटल ही शेवटची पायरी: १०,००० सोनं आणि रोजचे ४,०००. सगळ्या शहरांत मिळून ती एकच बांधता येते. दुसऱ्या आठवड्यात जमलं तर झकास.

घोडं इथंच पेंड खातं

चालण्याचं गणित खेळ कुठेच उघड करून सांगत नाही, आणि मला वर्षानुवर्षं ते माहीतच नव्हतं. सकाळी हिरोसोबत जे सैन्य असेल त्यातल्या सर्वांत मंद सैनिकाच्या वेगावरून दिवसभराची चाल ठरते. वेग ३ असेल तर १,५०० गुण, ४ ला १,५६०, ९ ला १,९००, आणि ११ किंवा त्यापुढे २,०००. सपाट जमिनीवर सरळ एक घर म्हणजे १०० गुण, तिरकं गेलात तर १४१. वाळू आणि बर्फात १५०, दलदलीत १७५. फरसबंदी रस्त्यावर फक्त ५०.

भालाईताचा वेग ४, रॉयल ग्रिफिनचा (ग्रिफिनचीच सुधारलेली जात) ९. भालाईत सोबत वागवणारा आणि निव्वळ रॉयल ग्रिफिन घेऊन फिरणारा यांच्यात रोज ३४० गुणांचा फरक पडतो. आठवड्याला जवळजवळ २४ घरं. ३६ घरांच्या नकाशावर हे किती झालं बघा.

म्हणून दोन युक्त्या. दिवस संपवण्याआधी मंद सैनिक शेजारच्या हिरोकडे द्या आणि सकाळी परत घ्या. चाल सकाळीच मोजलेली असते, दुपारी कोण सोबत आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. दुसरी युक्ती साखळीची. पहिल्या हिरोची चाल संपली की सैन्य शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या हिरोला द्यायचं, त्याची संपली की तिसऱ्याला. हिरो दमतात, सैन्य दमत नाही. शहरात आठवड्याला जन्मलेली फौज अशा साखळीने एका दिवसात आघाडीवर पोचते. नकाशावर एका खेळाडूला आठ हिरो ठेवता येतात. पहिल्या डावात तीन-चार पुरेत, आठांना रोज हलवता हलवता डोकं भणभणतं.

लढाई

वाटेवर उभ्या असलेल्या टोळ्यांवर उजवं क्लिक केलं की आकडा दिसत नाही, शब्द दिसतो. ते शब्द पाठ करून टाका. फ्यू म्हणजे १ ते ४, सेव्हरल ५ ते ९, पॅक १० ते १९, लॉट्स २० ते ४९, होर्ड ५० ते ९९, थ्राँग १०० ते २४९, स्वॉर्म २५० ते ४९९, झाउंड्स ५०० ते ९९९, आणि लीजन म्हणजे हजारावर. ‘लॉट्स’मध्ये २० आहेत की ४९ हे नशीब. टोळ्या आठवड्यागणिक वाढतात, तेव्हा आज सोपी वाटणारी लढाई महिन्यावर टाकू नका.

पहिल्या सावजासाठी चालते मुडदे शोधा. वेग ३. तुमचे तिरंदाज कोपऱ्यात, त्यांच्यापुढे भालाईत. मुडदे पोचेपर्यंत निम्मे आडवे झालेले असतात. दहा घरांपेक्षा लांबचा बाण अर्धंच नुकसान करतो आणि तेव्हा बाणाचं चिन्ह मोडलेलं दिसतं. शत्रू अगदी लगत आला की तिरंदाज बाण मारूच शकत नाही, हाताने लढतो आणि तेही अर्ध्या ताकदीने. हेच उलट वापरा: शत्रूकडे तिरंदाज असतील तर ग्रिफिन उडवून त्यांच्या मांडीवर नेऊन बसवा.

मार खाल्लेला गट उलटा वार करतो, पण फेरीत एकदाच. या एका नियमात अर्धी लढाई आहे. फौजेत सात जागा असतात. एखादी जागा रिकामी असेल तर एकच भालाईत वेगळा काढून तिथे ठेवा. तो एकटा आधी वार करतो, उलटा वार अंगावर घेतो आणि बहुधा मरतो. मग तुमचा मोठा गट निर्धास्त तुटून पडतो. क्रूर आहे खरं, पण ६० सोन्याच्या एका भालाईताने दहा तलवारबाज वाचतात. ग्रिफिन फेरीत दोनदा उलटा वार करतात आणि रॉयल ग्रिफिन हवे तितक्या वेळा. चिल्लर शत्रूंचा घोळका असेल तर त्यांना मध्ये सोडायचं आणि ‘डिफेंड’ दाबून मजा बघायची.

‘वेट’ बटण नवखे विसरतात. थांबलेले गट फेरीच्या शेवटी उलट्या क्रमाने हलतात, सर्वांत वेगवान सर्वांत शेवटी. म्हणजे तुमचा वेगवान गट थांबला, शत्रू पुढे सरकला, फेरीच्या शेवटी तुम्ही मारलंत आणि पुढच्या फेरीत पहिला नंबर पुन्हा तुमचाच. लागोपाठ दोन फटके.

मंत्रांत सुरुवातीला ‘स्लो’ मिळाला तर त्या दिवशी आनंद साजरा करा. पृथ्वी जादूत हिरो ‘एक्स्पर्ट’ झाला की हा पहिल्या पायरीचा मंत्र एका फटक्यात शत्रूच्या सगळ्या गटांचा वेग निम्म्यावर आणतो. अग्निगोळे दिसायला भारी, पण पहिल्या महिन्यात स्लोनेच जास्त लढाया जिंकल्या जातात.

हरणार असं दिसलं की पळा. ‘रिट्रीट’ केलात तर सैन्य जातं, पण हिरो त्याच्या कौशल्यांसह आणि वस्तूंसह टॅव्हर्नमध्ये पुन्हा २,५०० सोन्यात मिळतो. शत्रूच्या हिरोशी लढताना ‘सरेंडर’ करून, पैसे मोजून, सैन्यही वाचवता येतं. पाचव्या पातळीचा आपला हिरो अभिमानापायी गमावू नका.

हिरोला काय शिकवायचं

पातळी वाढली की दोन कौशल्यांतून एक निवडायला मिळतं. जागा आठच आहेत, आणि घेतलेलं परत देता येत नाही. माझी पसंती: लॉजिस्टिक्स (जमिनीवरची चाल १०, २०, ३० टक्क्यांनी वाढते, ती का मोलाची ते वर आलंच आहे), पृथ्वी जादू, विझ्डम, ऑफेन्स (हाताहातीतलं नुकसान वाढतं), आर्मरर (आपलं नुकसान घटतं), मग वायू जादू. विझ्डम नसेल तर तिसऱ्या पायरीपासूनचे मंत्र शिकताच येत नाहीत. ईगल आय शत्रूचे मंत्र पाहून शिकवतं म्हणे. मी ते घेतलं तेव्हा दुसरा पर्यायही तितकाच वाईट होता. लर्निंगचं नाव शहाण्यासारखं आहे, पण अनुभवात जेमतेम ५ ते १५ टक्के भर.

सैनिकाचा आणि हिरोचा मिळून हल्ला समोरच्याच्या बचावापेक्षा जितक्या गुणांनी जास्त तितके पाच-पाच टक्के नुकसान वाढतं. म्हणून नकाशावर हल्ला-बचाव वाढवणारी ठिकाणं दिसली की मुख्य हिरोला वाकडी वाट करायला हरकत नाही. त्याला लाकूड वेचायला लावू नका म्हटलं होतं, यासाठी मुभा आहे.

सैन्य शक्यतो एकाच गावचं ठेवा. मनोधैर्य वाढतं आणि कधीकधी एखाद्या गटाला जादा पाळी मिळते. फुकट मिळालेले सांगाडे फौजेत घेतलेत की जिवंत सैनिकांचं मनोधैर्य एकाने घसरतं.

पहिल्या महिन्यानंतर

नकाशावर ग्रिफिन कॉन्झर्व्हेटरी (ग्रिफिनांनी राखलेली इमारत) दिसली तर उजवं क्लिक करा आणि हिंमत असेल तर शिरा. आत कमीत कमी ५० ग्रिफिन, बक्षीस एक देवदूत. संख्या २०० पर्यंत जाते आणि देवदूत चारपर्यंत. शहरात एक देवदूत ३,००० सोनं आणि एका रत्नाला पडतो, शिवाय आठवड्याला मूळ पैदास एकच, त्यामुळे व्यवहार वाईट नाही. ड्रॅगनांनी राखलेल्या ड्रॅगन युटोपियाकडे मात्र तिसऱ्या आठवड्यात वळून पाहू नका. कुणीतरी आधीच लुटलेल्या क्रिप्टमध्ये (मुडद्यांनी राखलेल्या थडग्यात) शिरलात तर मिळत काहीच नाही, उलट मनोधैर्य जातं.

नकाशा मोठा असेल तर ‘टाउन पोर्टल’ मंत्र खेळाचं रूपच बदलतो. पृथ्वी जादू चांगली असेल तर हवं ते शहर निवडून हिरो तिथे क्षणात पोचतो, मग शहरं राखायला वेगळी फौज लागत नाही. ओबेलिस्क (कोड्याचे तुकडे दाखवणारे दगडी खांब) शोधून ग्रेल हा पुरलेला खजिना खणून काढणं हा एक स्वतंत्र छंद आहे. एस नकाशावर त्याच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

पहिला डाव हरलात तर नवा नकाशा उघडू नका. तोच नकाशा, तेच शहर, तोच हिरो घेऊन पुन्हा बसा, आणि सातव्या दिवशी खेळ सेव्ह करून कागदावर चार आकडे लिहा: सोनं, खाणी, हिरोची पातळी, कॅसल झाला की नाही. माझ्या पहिल्या कागदावर तीन खाणी होत्या आणि कॅसल नव्हता. पाचव्यावर सहा खाणी, कॅसल, आणि दारात उभा असलेला निळा हिरो. फरक एवढाच की त्या वेळी दार त्याचं होतं.